म्हाताऱ्या मांजराला थायरॉइड आणि किडनी, दोन्ही: औषध, खाणं, सलाईन आणि रिपोर्ट कसे सांभाळायचे

दहा वर्षं ओलांडलेलं मांजर पूर्वीपेक्षा जास्त खातंय, सारखं ताटाभोवती घोटाळतंय, पहाटे घरभर ओरडत फिरतंय, आणि तरी उचलून घेतलं की बरगड्या हाताला लागतात. घरच्यांना वाटतं, म्हातारपणी भूक सुटली, बरंच झालं. खरं तर थायरॉइड वाढल्याची ही सगळ्यात ओळखीची खूण आहे. त्यात पाणी पिणं वाढलं आणि ट्रेमधले लघवीचे गोळे मोठे व्हायला लागले की गुंता वाढतो. हेच बदल किडनीच्या आजारातही दिसतात आणि या वयाच्या मांजरात दोन्ही आजार एकदम असणं अजिबात दुर्मीळ नाही.

मुख्य गोष्ट आधीच सांगतो. किडनी खराब असली तरी थायरॉइडवर उपचार करायचेच, फक्त सावकाश आणि बेताने. ‘किडनी आहे ना, मग थायरॉइडला हात लावू नका’ हा सल्ला अजूनही ऐकू येतो आणि तो मांजराचं नुकसान करतो. उलट बाजूला, थायरॉइड गरजेपेक्षा खाली दाबणंही तितकंच घातक. सगळी कसरत या दोन टोकांच्या मधल्या पट्ट्यात राहण्याची आहे. खाली औषधांचे आकडे दिलेत ते डॉक्टरांशी नेमकं बोलता यावं आणि चिठ्ठी वाचताना किंवा गोळी तोडताना चूक झाली तर ती लक्षात यावी म्हणून. डोस तुमच्या मांजराला पाहिलेल्या पशुवैद्यांनीच ठरवायचा.

एक आजार दुसऱ्याला कसा झाकतो

मांजराच्या मानेत थायरॉइडच्या दोन छोट्या ग्रंथी असतात. वय झालं की त्यात गाठ होते. बहुतेक वेळा ती साधी असते, कर्करोग शंभरात दोन-तीन मांजरांनाच निघतो. पण ही साधी गाठसुद्धा हार्मोन बेसुमार सोडते. हृदय जोरात पळतं, किडनीकडे जाणारं रक्त वाढतं आणि किडनी तिच्या कुवतीपेक्षा जास्त गाळते.

निफाड-दिंडोरीकडे ज्यांच्या द्राक्षबागा आहेत त्यांना हे लगेच समजेल. ठिबकची नळी अर्धी चोंदलेली असली तरी मोटरचा दाब वाढवला की झाडाला पाणी पोचतं आणि नळी ठीक आहे असं वाटतं. दाब नेहमीसारखा केला की चोंदलेपण उघडं पडतं. पण म्हणून दाब कायम चढाच ठेवला तर उरलेली नळीही फाटते. थायरॉइडवर उपचार केल्यावर क्रिएटिनिन (किडनी रक्तातून गाळून टाकते तो टाकाऊ पदार्थ) वाढतं ते यामुळे. औषधाने किडनी बिघडवलेली नसते, आधीच बिघडलेली किडनी दिसू लागलेली असते. उपचारानंतर पहिल्यांदाच किडनीचा आजार उघड झालेल्या मांजरांचं प्रमाण वेगवेगळ्या पाहण्यांत १५ ते ४९ टक्के आलं आहे. म्हणजे ही शक्यता पहिल्या दिवसापासून धरूनच चालायचं.

आणखी एका कारणाने आकडे फसवतात. क्रिएटिनिन स्नायूंतून येतं. थायरॉइडने मांजराचे स्नायू झडलेले असतात, त्यामुळे किडनी खराब असूनही क्रिएटिनिन १.४ दाखवतं. उलटंही होतं. किडनीच्या आजारात टी-४ (रक्तात मोजलं जाणारं थायरॉइडचं हार्मोन) खाली ओढला जातो, म्हणून थायरॉइड वाढलेल्या मांजराचा टी-४ कधी कधी ‘नॉर्मल’च्या वरच्या अर्ध्या भागात येऊन बसतो. वजन उतरतंय, नाडी जोरात आहे, मानेत गाठ लागतेय आणि टी-४ मात्र ३.२ आला, तर ‘थायरॉइड नाही’ म्हणून फाईल बंद करू नका. दोन ते चार आठवड्यांनी पुन्हा तपासा.

तपासण्या, आणि रिपोर्ट वाचताना होणारी मोठी चूक

सुरुवातीला एकाच वेळी हे सगळं करून घ्या: टोटल टी-४, क्रिएटिनिन, युरिया, फॉस्फरस, पोटॅशियम, एएलटी (लिव्हरची चाचणी), सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), लघवीची घनता आणि लघवीतलं प्रोटीन-क्रिएटिनिन प्रमाण. शिवाय बीपी. जमलं तर एसडीएमए. ही किडनीची वेगळी चाचणी आहे, स्नायू कमी झाल्याचा तिच्यावर फारसा परिणाम होत नाही. सलाईन लावण्याआधी लघवीचा नमुना घ्या, कारण नंतरची घनता काहीच सांगत नाही.

बऱ्याचदा मांजराचं रक्त माणसांच्या लॅबमध्ये जातं. त्यात गैर नाही, माणसांच्या मशीनवर टोटल टी-४ साधारण वापरण्याजोगा येतो. घोळ होतो तो रिपोर्टच्या उजव्या रकान्यात. तिथे माणसाची मर्यादा छापलेली असते, साधारण ५ ते १२ मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर. मांजराची मर्यादा बहुतेक लॅबमध्ये ०.८ ते ४.७ च्या आसपास असते. म्हणजे ६.५ टी-४ असलेलं, थायरॉइडने झिजत चाललेलं मांजर कागदावर ‘नॉर्मल’ दिसतं आणि २ टी-४ असलेल्या ठणठणीत मांजरापुढे ‘लो’ असा शेरा पडतो. छापील मर्यादेवर आडवी रेघ मारा आणि शेजारी पेनने मांजराची लिहा.

आणखी तीन बारीक गोष्टी. आपल्याकडच्या लॅब बहुधा ‘ब्लड युरिया’ देतात, तर परदेशी तक्त्यांत ‘बीयूएन’, म्हणजे युरियातल्या फक्त नायट्रोजनचं माप, असतं. युरियाला २.१४ ने भागलं की बीयूएन मिळतं, म्हणजे युरिया ७५ हा बीयूएन ३५ झाला. टी-४ नॅनोमोलमध्ये आला तर १२.९ ने भागा. आणि माणसांच्या किटवर केलेली टीएसएच (थायरॉइडला कामाला लावणाऱ्या हार्मोनची चाचणी) मांजरासाठी निरुपयोगी आहे, त्यासाठी कुत्र्यांचं किट लागतं. ‘थायरॉइड प्रोफाइल’ म्हणून टी-३, टी-४, टीएसएच असं पॅकेज करण्यापेक्षा तेच पैसे फॉस्फरस आणि लघवीच्या तपासणीवर घाला.

टी-४ साठी उपाशी ठेवायची गरज नसते. किडनीच्या मांजराचं पाणी तर कधीच तोडू नका. नमुना बाहेरगावी जाणार असेल तर सीरम आधी वेगळं करून पाठवायला सांगा. रक्तपेशी फुटलेल्या नमुन्यात फॉस्फरस खोटा वाढलेला येतो. केसांसाठी बायोटिनचं सिरप चालू असेल तर डॉक्टरांना सांगून काही दिवस आधी बंद करा, काही मशीनवर बायोटिनमुळे टी-४ चुकीचा वाढलेला दिसतो.

बीपी मोजताना घाई नको. नाशिकच्या द्वारका चौकातल्या गर्दीतून रिक्षाने आलेल्या मांजराचं बीपी पोचल्या पोचल्या घेतलं तर ते प्रवासाचं बीपी असतं. शांत खोलीत टोपलीचं झाकण उघडून पाच-दहा मिनिटं बसू द्या. पहिलं मोजमाप सोडून पुढच्या पाच-सहांची सरासरी धरायची. दवाखान्यात फार घाबरणाऱ्या मांजराला निघायच्या दोन तास आधी गॅबापेंटिन हे शांत करणारं औषध देता येतं, मात्र किडनीच्या मांजराला नेहमीच्या निम्मा किंवा त्याहून कमी डोस पुरतो. डॉक्टरांना आधीच विचारून ठेवा.

किडनीची अवस्था ठरवायला ‘आयरिस’ या आंतरराष्ट्रीय गटाचं वर्गीकरण वापरतात. क्रिएटिनिन १.६ च्या खाली पहिली अवस्था, १.६ ते २.८ दुसरी, २.९ ते ५ तिसरी आणि ५ च्या वर चौथी. टी-४ वाढलेला असताना ठरवलेली अवस्था कच्ची समजा. खरी अवस्था टी-४ आटोक्यात येऊन महिनाभर झाल्यावरच कळते.

गोळी: कोणती, किती, कशी

औषधं दोन, मेथिमाझोल आणि कार्बिमाझोल. कार्बिमाझोल शरीरात जाऊन मेथिमाझोलच होतं, पण वजनाला वजन सारखं नाही. ५ मिलिग्रॅम कार्बिमाझोल म्हणजे साधारण ३ मिलिग्रॅम मेथिमाझोल. एकावरून दुसऱ्यावर जाताना हा हिशेब डॉक्टरांकडून नक्की करून घ्या.

इथे एक धोका आहे. आपल्याकडे ‘थायरॉइडची गोळी’ म्हटलं की दुकानदाराच्या डोळ्यांपुढे थायरॉक्सिन येतं, म्हणजे थायरोनॉर्म, एल्ट्रॉक्सिन. ती नेमकी उलट काम करते, थायरॉइड वाढवते. आजीची सकाळची गोळी मांजराला देणं म्हणजे आगीत तेल. पाकिटावर कार्बिमाझोल किंवा मेथिमाझोल हे नाव स्वतः वाचल्याशिवाय दुकानातून हलू नका.

किडनीचा संशय असलेल्या मांजरात मेथिमाझोल सहसा १.२५ मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, असं सुरू करतात. ५ मिलिग्रॅमच्या गोळीचा हा पाव तुकडा. कार्बिमाझोल असेल तर २.५ मिलिग्रॅम दोनदा, म्हणजे ५ च्या गोळीचा अर्धा भाग. एकदम मोठा डोस देऊन टी-४ झटकन पाडला तर किडनीला जुळवून घ्यायला वेळ मिळत नाही.

पाव तुकडे सुरीने करू नका, कटर आणा. एका वेळी दोन-तीन गोळ्यांचेच तुकडे करा आणि कोरड्या डबीत ठेवा. हातमोजे घाला. घरात गरोदर बाई असेल तर तिने या गोळ्यांना किंवा या मांजराच्या ट्रेला हात लावू नये. गोळी कडू असते, चुरून जेवणात मिसळली तर मांजर जेवणच टाकतं आणि मग किडनीचं महागडं खाणंही वाया जातं. तुकडा छोट्या रिकाम्या कॅप्सूलमध्ये भरून द्या आणि मागून सिरिंजने गालाच्या बाजूने ३ ते ५ मिली पाणी सोडा. कोरडी कॅप्सूल अन्ननलिकेत अडकून जखम करू शकते.

दुष्परिणाम बहुतेक पहिल्या तीन महिन्यांत दिसतात. उलटी, भूक मंदावणं, सुस्ती हे डोस कमी करून बऱ्याचदा निभावतं. पण मांजर स्वतःचा चेहरा आणि मान रक्त येईपर्यंत खाजवायला लागलं, अंग तापलं, हिरड्या पिवळ्या पडल्या किंवा कुठे रक्त साकळलं, तर पुढचा डोस देऊ नका आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा. यात रक्तपेशी किंवा लिव्हरला इजा झालेली असू शकते आणि हेच औषध पुन्हा सुरू करणं योग्य नसतं.

रेडिओअॅक्टिव्ह आयोडीनने थायरॉइड कायमचा बरा होतो, पण मांजरांसाठी ती सोय आपल्याकडे सहज मिळत नाही. शस्त्रक्रियेचा पर्याय आहे. किडनीच्या मांजरात मात्र आधी काही आठवडे गोळीवर ठेवून टी-४ खाली आल्यावर किडनी कशी वागते ते पाहावं. गोळी कमी करता येते, काढलेली ग्रंथी परत बसवता येत नाही.

तीन आठवड्यांनी रिपोर्ट हातात आल्यावर

दोन ते तीन आठवड्यांनी टी-४, क्रिएटिनिन, युरिया, एएलटी, सीबीसी आणि बीपी पुन्हा बघायचं. गोळी दिल्यावर किती तासांनी रक्त काढलं याने विशेष फरक पडत नाही. एकही डोस चुकलेला नसणं महत्त्वाचं, कारण गोळी थांबली की दोन-तीन दिवसांत टी-४ परत चढतो. उद्दिष्ट १ ते २.५ च्या दरम्यान टी-४. किडनी नाजूक असेल तर १.५ च्या वर राहिलेला बरा.

टी-४ अजून वर आणि क्रिएटिनिन जागच्या जागी असेल तर दिवसाचा एकूण डोस १.२५ ते २.५ मिलिग्रॅमने वाढतो आणि तीन आठवड्यांनी पुन्हा रक्त.

टी-४ पट्ट्यात, क्रिएटिनिन थोडं वाढलेलं, समजा १.५ चं २.२ झालं, आणि मांजर खातंय, खेळतंय, वजन धरतंय. याच क्षणी घाबरून गोळी बंद केली जाते आणि इथेच मांजराचं सगळ्यात जास्त नुकसान होतं. गोळी चालू ठेवा आणि किडनीचं काम सुरू करा. नवी पातळी साधारण महिनाभरात स्थिरावते.

टी-४ १ च्या खाली आणि क्रिएटिनिन चढलेलं असेल तर डोस जास्त झालाय. थायरॉइड कमी पडल्याने किडनी गरजेपेक्षा कमी गाळतेय आणि ही घसरण भरून काढता येते. डोस कमी करून तीन-चार आठवड्यांनी बघा, क्रिएटिनिन बऱ्याचदा खाली येतं. टी-४ काठावर असेल तर कुत्र्यांच्या किटवरची टीएसएच इथे उपयोगी पडते: ती वाढलेली असेल तर थायरॉइड खरोखर कमी पडलाय. किडनीच्या मांजराला अशा अवस्थेत ठेवलं तर आयुष्य कमी होतं हे नीट तपासलं गेलेलं आहे. ‘टी-४ जितका कमी तितका चांगला’ हा समज म्हणून सोडायला हवा.

चौथा प्रसंग अवघड: टी-४ पट्ट्यात, क्रिएटिनिन ४ च्या वर, मांजर मलूल आणि जेवण सोडलेलं. इथे पाणी भरून काढणं आणि मळमळ थांबवणं आधी. त्यानंतर डॉक्टर डोस थोडा उतरवून टी-४ नॉर्मलच्या वरच्या भागात, ३ ते ४ जवळ, राहू देतात. तडजोड आहे, पण योग्य तडजोड आहे. औषध पूर्ण बंद करणं हा मार्ग नाही, कारण अनियंत्रित थायरॉइड किडनीतला दाब आणि लघवीतून जाणारं प्रोटीन वाढवत राहतो.

एकदा बसलं की तपासणी दर तीन महिन्यांनी. गाठ वाढतच असते, त्यामुळे वर्ष-दोन वर्षांनी डोस वाढवावा लागला तर त्याचा अर्थ तुमचं काही चुकलं असा नाही.

खाणं

किडनीच्या खाण्यात फॉस्फरस कमी असतं आणि अशा खाण्याने मांजर जास्त जगतं. रॉयल कॅनिन रिनल, हिल्सचं के/डी, फार्मिना व्हेट लाइफ रिनल हे भारतात मिळतात. मात्र टी-४ वाढलेला असताना प्रोटीन तोडू नका, स्नायू आधीच झडलेले आहेत. आधी थायरॉइड खाली, मग किडनीचं खाणं.

बदल दोन ते चार आठवड्यांत करा. जुन्या खाण्यात आधी चौथा हिस्सा नवं, मग निम्मं, मग पाऊण. मळमळत असलेल्या मांजरापुढे नवं खाणं ठेवू नका, ते त्या वासाचा आजाराशी संबंध जोडतं आणि पुढे कधीच तोंड लावत नाही. पाउच कोमट पाण्याच्या भांड्यात दोन मिनिटं ठेवून दिलं की वास उठतो आणि थंड दिवसांत तेवढ्यानेच काम होतं. ड्राय फूडपेक्षा ओलं खाणं बरं, त्यातून पाणी आपोआप जातं.

काही केल्या खात नसेल तर हट्ट सोडा. चुकीचं खाणं पोटभर खाणारं मांजर, योग्य खाण्यासमोर उपाशी बसलेल्या मांजरापेक्षा सुखरूप असतं. दोन-तीन दिवस उपाशी राहिलेल्या मांजराच्या लिव्हरमध्ये चरबी साठते आणि तो वेगळाच जीवघेणा आजार उभा राहतो.

घरच्या सवयींत काय बंद करायचं? सुकट आणि सुके बोंबील पहिले, मीठ आणि फॉस्फरस दोन्ही भरपूर. हाडांचं सूप, कलेजी, दूध, पनीर नको. कांदा-लसूण पडलेल्या रश्शातले तुकडे धुऊनसुद्धा नकोत, कांद्याने मांजराच्या रक्तपेशी फुटतात. नुसतं उकडलेलं चिकन रोज देणं सात्त्विक वाटतं, पण त्यात फॉस्फरस आहे आणि कॅल्शियम जवळजवळ नाही. चव लावायचीच असेल तर उकडलेल्या अंड्याचा पांढरा भाग थोडा चुरून वर घाला. त्यात प्रोटीन चांगलं आणि फॉस्फरस नगण्य.

फॉस्फरस, पोटॅशियम, बीपी

फॉस्फरसचं उद्दिष्ट दुसऱ्या अवस्थेत ४.६ च्या खाली, तिसऱ्या अवस्थेत ५ च्या खाली. महिना-दोन महिने किडनीचं खाणं देऊनही वर राहिलं तर फॉस्फरस बांधणारं औषध येतं, जसं अॅल्युमिनियम हायड्रॉक्साइड, लँथॅनम किंवा सेव्हेलामर. ते जेवणातच मिसळायचं, रिकाम्या पोटी दिलं तर बांधायला काहीच नसतं. इतर गोळ्यांमध्ये आणि त्यात दोन तासांचं अंतर ठेवा.

पोटॅशियम ३.५ च्या खाली गेलं की मांजर अशक्त होतं, मान खाली पडते, वर उचलता येत नाही. पोटॅशियम ग्लुकोनेट किंवा पोटॅशियम सायट्रेट देतात. दुकानात लघवीच्या जळजळीसाठी मिळणाऱ्या काही सिरपमध्ये सोडियम सायट्रेट असतं. ते नको, घटक वाचून घ्या.

बीपी १६० च्या वर दोनदा आलं तर अॅम्लोडिपिन, मांजरासाठी ०.६२५ मिलिग्रॅम दिवसातून एकदा, म्हणजे माणसांच्या २.५ च्या गोळीचा पाव. आठवडा-दहा दिवसांत पुन्हा मोजा. थायरॉइड आटोक्यात आल्यानंतर पहिल्यांदाच बीपी चढल्याचं दिसतं, म्हणून प्रत्येक रक्ततपासणीबरोबर बीपी हवंच. लघवीतलं प्रोटीन-क्रिएटिनिन प्रमाण ०.४ च्या वर टिकून राहिलं तर टेल्मिसार्टन या औषधाबद्दल विचारा, पण टी-४ स्थिरावल्यावर, आणि अंगात पाणी कमी असताना कधीच नाही.

भूक गेलेल्या मांजराला मिर्टाझापिन, १.८८ मिलिग्रॅम, किडनीच्या मांजरात दिवसाआड. ७.५ च्या गोळीचा पाव तुकडा पुरतो. सांधे दुखतात म्हणून माणसांची वेदनाशामकं मात्र चुकूनही नाहीत. पॅरासिटामॉलची एक गोळी मांजराचा जीव घेते.

घरी सलाईन देणं

प्रत्येक मांजराला लागत नाही. किडनी तिसऱ्या अवस्थेच्या पुढे, कातडी ओढून सोडल्यावर हळू परत जाणारी, सारखी बद्धकोष्ठता, अशा मांजराला डॉक्टर सांगतात. साधारण ४ किलोच्या मांजराला एका वेळी १०० मिली, आठवड्यातून दोन-तीनदा ते रोज. थायरॉइडने हृदय जाड झालेलं असू शकतं, म्हणून सुरू करण्याआधी हृदय तपासून घ्या आणि पहिल्या दोन वेळा दवाखान्यात बसून शिका.

दुकानात ‘आरएल’ म्हणजे रिंगर लॅक्टेट, ५०० मिली, असं स्पष्ट सांगा. डीएनएस किंवा डेक्स्ट्रोज ही साखरेची सलाईन कातडीखाली देऊ नये, साखरेमुळे तिथे पू होतो. सोबत ड्रिप सेट आणि २० गेजच्या, पिवळ्या टोकाच्या सुया. २३-२४ गेजच्या बारीक सुया दिसायला दयाळू वाटतात, पण त्यातून १०० मिली जायला इतका वेळ लागतो की मांजराचा धीर सुटतो.

बाटली कोमट पाण्याच्या बादलीत ठेवून मनगटाला सुखद लागेल इतकी गरम करा. निफाडचा पारा ५ अंशांखाली उतरतो त्या दिवसांत शहरातही बाटली बर्फासारखी असते आणि थंड सलाईन मांजराला असह्य होतं. खिडकीच्या गजाला, मांजरापासून तीनेक फूट उंच टांगा. नळीतली हवा काढा. बाटली कडक प्लास्टिकची असेल आणि प्रवाह मध्येच थांबला, तर ड्रिप सेटच्या चेंबरवरचं हवेचं छोटं झाकण उघडायचं राहिलंय.

मांजराला टोपलीच्या खालच्या अर्ध्या भागात टॉवेलवर बसवा, वरचं झाकण काढून. खांद्यांच्या मधली कातडी चिमटीत उचला, तंबूसारखी. सुईचं तिरकं तोंड वर, आणि सुई पाठीला समांतर तंबूच्या तळाशी. बोट भिजलं तर सुई पलीकडून बाहेर आली आहे, मागे घ्या. नळीवरची चाकी उघडा. बाटलीवरच्या खुणा टांगलेल्या स्थितीत फसवतात, म्हणून आधी आणि नंतर बाटली किचनच्या काट्यावर तोला: १०० ग्रॅम कमी झालं म्हणजे १०० मिली गेलं. सुई काढल्यावर जागा मिनिटभर चिमटीत धरा.

फुगवटा एका बाजूला, कधी पायाकडे उतरतो. साधारण अर्ध्या दिवसात जिरतो. दुसऱ्या दिवशीही तसाच असेल तर पुढचं सलाईन देऊ नका, फोन करा. प्रत्येक वेळी नवी सुई. उघडलेली बाटली फ्रिजमध्ये, आठवड्याच्या आत संपवा. वापरलेल्या सुया जाड प्लास्टिकच्या बाटलीत भरून दवाखान्यात परत द्या, कचऱ्यात टाकल्या तर सफाई कामगाराच्या हाताला लागतात.

झोपेतला श्वास मोजायची सवय लावा. गाढ झोपलेलं मांजर मिनिटाला ३० पेक्षा कमी श्वास घेतं. सलाईननंतर हा आकडा ३० च्या वर चढला तर पाणी जास्त होतंय.

उन्हाळा आणि रोजची नोंद

एप्रिल-मेमध्ये पारा ४० कडे जातो तेव्हा किडनीचं मांजर पटकन कोरडं पडू शकतं. पसरट, मिशा कडेला न लागणारी भांडी तीन-चार जागी ठेवा, जेवणापासून आणि ट्रेपासून दूर. दुपारी ते पत्र्याखालच्या किंवा वरच्या मजल्यावरच्या खोलीत कोंडलं जाणार नाही याची खात्री करा. ओलं खाणं उन्हाळ्यात अर्ध्या तासाने उचला. घरात गुलदस्ता आला तर त्यात लिली आहे का बघा. ओरिएंटल आणि एशियाटिक लिलीचे परागकण अंगावरून चाटले तरी निरोगी मांजराचीही किडनी दोन-तीन दिवसांत बंद पडते.

आठवड्यातून एकदा, एकाच वेळी, लहान बाळाच्या काट्यावर वजन. ४ किलोच्या मांजरात १०० ग्रॅम म्हणजे माणसाचे दीड किलो. सलग दोन आठवडे उतरलं तर पुढच्या तपासणीची तारीख अलीकडे आणा. पाणी मोजायचं तर सकाळी मापाने भरा, दुसऱ्या सकाळी उरलेलं मोजा. किलोमागे ५० मिलीच्या वर म्हणजे जास्त. शी दोन दिवस झाली नाही तर लॅक्ट्युलोजबद्दल विचारा. आणि थायरॉइडच्या मांजराची भूक अचानक कमी झाली, तर त्याला सुधारणा समजण्याआधी टी-४ आणि क्रिएटिनिन बघा.

थांबायचं नाही अशा वेळा

डोळ्यांच्या बाहुल्या अचानक मोठ्या होऊन मांजर भिंतीला धडकतंय: बीपीने पडदा सुटलाय, काही तासांत उपचार मिळाले तर कधी कधी दृष्टी परत येते. तोंड उघडं ठेवून श्वास. मागचे पाय एकाएकी लुळे, गार, आणि मांजर वेदनेने ओरडतंय: हृदयातली गुठळी. चोवीस तास लघवी नाही. चोवीस तास काहीच खाल्लं नाही. मान उचलता येत नाही. यात सकाळची वाट पाहायची नाही. नाशिकमध्ये रात्री कोणता दवाखाना फोन उचलतो हे आजच विचारून दाराच्या आत चिकटवून ठेवा. गुंतागुंत वाढली तर मुंबईत परळचं बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय कसारा घाटाने साधारण १७० किलोमीटरवर आहे. अत्यवस्थ मांजराला स्थिर केल्याशिवाय मात्र त्या रस्त्यावर काढू नका.

रात्रीचा डॉक्टर बहुधा तुमच्या मांजराला पहिल्यांदाच बघत असतो. फोनमध्ये एक वेगळा अल्बम ठेवा: शेवटच्या तीन तपासण्यांचे रिपोर्ट, चालू गोळ्यांच्या पट्ट्यांचे नाव वाचता येईल असे फोटो, प्रत्येकीचा डोस, शेवटचं वजन आणि शेवटचं सलाईन कधी व किती दिलं ते.